मॉर्टी निवडून आलाच समजा

मॉर्टी मुलक्वीन एका मताने पडला तेव्हा असा ओरडला, की मतमोजणीच्या हॉलमागच्या कुरणातल्या गाई आठवडाभर दूध द्यायच्या थांबल्या. खोटं वाटत असेल तर गाईंना विचारा. मी तिथेच कठड्याला टेकून उभा होतो, कानामागे पेन्सिल. चाळीस वर्षं माझं हेच काम. आतले लोक मतपत्रिका उलगडतात आणि आम्ही बाहेरून माना लांबवून कुणाच्या नावापुढे पहिल्या पसंतीचा एक, कुणाच्या दुसऱ्या पसंतीचा दोन, ते टिपतो.

पहिल्या फेरीत मॉर्टी शाळेतल्या नुआला हेशनबाईंच्या तीनशे मतांनी पुढे होता. मग तळाचा एकेक उमेदवार बाद होत गेला, त्यांची मतं पुढच्या पसंतीकडे वळत गेली, आणि नुआलाबाई चढत चढत कौन्सिलच्या शेवटच्या जागेवर जाऊन बसल्या.

"चोरी आहे ही!" मॉर्टी गरजला. "तीनशेनं पुढे होतो मी! माझ्या बापाची खुर्ची, आणि ही बाई दुसऱ्यांच्या उष्ट्या मतांवर तिच्यात बसणार?"

"मागच्या खेपेला तूही त्याच उष्ट्यावर जेवलास," मी म्हटलं.

त्याने फेरमोजणी मागितली. मग पुन्हा मागितली. दोन दिवस गेले, ते एक मत काही हललं नाही. तेव्हा त्याने माझी कॉलर धरली.

"म्हाताऱ्या, आपल्या कारनबेग गावच्या पेटीत काय निघालं? खरं बोल!"

मी वही उघडली. "साठ पत्रिका. एकोणसाठांवर तुला एक. एकीवर बाईंना एक, तुला दोन."

"कोण तो हरामखोर? ते एक मत मला असतं तर मीच आलो असतो! गावात तोंड दाखवू देणार नाही त्याला!"

"मग मी कुठे तोंड लपवू ते सांग," मागून आवाज आला. त्याची बायको ब्रीडी, हातात चहाचा थर्मास.

मॉर्टीने तिच्याकडे डोळे वटारले.

"डोळे कसले वटारतोस?" ती कडाडली. "दर रविवारी चर्चच्या दारात छाती काढून कोण सांगत होतं? 'मॉर्टी निवडून आलाच समजा, बिचाऱ्या बाईंना द्या एखादं!' तीस वर्षांत पहिल्यांदा तुझं ऐकलं, मेल्या!"

मोजणीच्या अधिकाऱ्याने विचारलं, "अजून एकदा मोजायचं?"

"नको," मॉर्टी दात खात म्हणाला. पाय आपटत तो नुआलाबाईंसमोर गेला आणि त्यांचा हात असा दाबला की त्या कळवळल्या.

"अभिनंदन. आता ऐका. माझ्या फाटकासमोर खड्डा आहे, अकरा वर्षांचा. खुर्चीवर बसून स्वतःचंच काम केलं, अशी लोक नावं ठेवतील म्हणून मी कधी बुजवला नाही. सोमवारपर्यंत बुजला नाही, तर रोज जेवायच्या वेळी फोन करीन!"

सोमवारी त्याने फोन केलाच. जेवायच्या वेळी.