चुन्यासाठी दिलेली चावी

शेजारी शोभाबाईने लसणाची फोडणी दिली आणि बाहेर गॅलरीत आपल्या भांड्यांच्या ढिगाशी बसलेल्या सरलाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. गोडादरा या कामगारवस्तीतल्या त्या चाळीत दोघींच्या खोल्यांमध्ये एकच भिंत. दिवाळीला सगळे गावी निघाले तेव्हा घरमालक मगनशेठ म्हणाला, चुना मारायचाय, चाव्या द्या. सरलाबाईने भाबडेपणाने दिली. शोभाबाईची चावी मंगळसूत्रात अडकवलेली, ती तिथेच राहिली. परत येऊन पाहतात तो सरलाबाईच्या दाराला नवं कुलूप आणि संसार बाहेर. शोभाबाईचंही कुलूप तोडायला माणसं आली, पण तिने वकील गाठून कोर्टाचा स्टे आणला. तेव्हापासून चाळभर तिचंच कौतुक.

"तिना वकीलले इचारी देख," कापड रंगवायच्या डाईंगमधून पाळी करून आलेला सरलाबाईचा नवरा हिलाल तिला म्हणाला.

"मरी जासू, पन तिले इचारनार नही."

रिंग रोडवरचा सगळ्यात मोठ्या पाटीचा वकील सरलाबाईने स्वतः शोधून काढला. केबिनचं दार उघडलं, तर आत सोफ्यावर मगनशेठ चहा पीत बसलेला.

"आवो बेन," तोच म्हणाला.

परतताना सोबतचा हिलाल वाटभर दोन पावलं पुढेच चालत राहिला. तेच तिला जास्त झोंबलं.

सकाळी तोंड कडू करून ती शोभाबाईच्या दारात उभी राहिली. शोभाबाईने ऐकून घेतलं, चपला घातल्या आणि निघालीच. तिने एखादा टोमणा मारला असता तर सरलाबाईला बरं वाटलं असतं.

कोर्टाच्या आवारात पत्र्याखाली टेबल टाकून शोभाबाईच्या वकीलबाई बसायच्या.

"चावी दी, लेकिन क्यों दी?"

हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

"चुना मारने को."

"किसी ने सुना था?"

सरलाबाईने चोरून शोभाबाईकडे पाहिलं. त्या दिवशी गॅलरीत तिसरं एकच माणूस होतं.

"मी आयकं," शोभाबाई म्हणाली. "मगनशेठ बोलना, चुना मारीसन चावी परत दिसू. कोर्टमा बी सांगसू."

वकीलबाईंनी कागद पुढे ओढला. चावी खोली सोडायला दिली नव्हती याला साक्षीदार मिळाला, आता केस उभी राहील, म्हणाल्या. सरलाबाईचा जीव भांड्यात पडला. पण खोली मिळाली तर ती हिच्या शब्दावर मिळणार, हेही तिला लगेच सलू लागलं.

चाळीत परतल्यावर शोभाबाईने गळ्यातली चावी काढून दार उघडलं. सरलाबाईचा हात आपसूक कमरेकडे गेला, चावी खोचायच्या जागी. मग पदरच नीट करायचा होता असं दाखवून ती भांड्यांशी जाऊन बसली.