जप्तीतली बेथिया

मी बेथिया बोलतेय. अमेरिकेतल्या मार्बलहेडच्या धक्क्याला उभी असलेली, दोन डोलकाठ्यांची नौका. बोलताना मी सारखी हलते, तेवढं सांभाळून घ्या. स्वस्थ राहणं मला जमत नाही.

माझा जन्म एसेक्सच्या खाडीकाठचा. कणा ओकचा, डोलकाठ्या पाइनच्या. कप्तान ओबेड बाउडन यांनी मला बांधून घेतलं आणि आपल्या आईचं नाव दिलं. पोटात खारवलेला कॉड मासा भरून मी थेट स्पेनला जायची, येताना मीठ आणायची. माझं सुकाणू धरायचा जेथ्रो ट्रेफ्री, कप्तानांच्या बहिणीचा, टॅबिथाचा नवरा. हात हलका होता त्याचा. वारा फिरला की म्हणायचा, "काय बाई, कुठं दुखतंय?" आणि मगच मला वळवायचा.

तेव्हा इंग्लंड आणि फ्रान्सचं युद्ध जुंपलेलं होतं, आणि इंग्लंडच्या राजाला खलाशी पुरत नव्हते. एका परतीच्या वाटेवर राजाच्या युद्धनौकेनं माझ्यापुढं तोफ डागली. मी थांबले. एक तरणा अधिकारी वर चढला, सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि जेथ्रोकडे बोट दाखवलं.

"हा आमचा. आमच्या आरमारातून पळालेला."

"अहो, मार्बलहेडमध्ये जन्मलाय तो! माझ्या बहिणीचा नवरा आहे," कप्तान म्हणाले.

"बोलतो तर इंग्रजीच."

"मग काय चिनी बोलू?" जेथ्रो म्हणाला.

कुणी हसलं नाही. दंड धरून त्याला होडीत उतरवलं. सुकाणू दुसऱ्याच्या हाती गेलं आणि मी पार वेडीवाकडी चालत घरी आले. धक्क्यावर टॅबिथा उभी होती. तिनं एकेक चेहरा पाहिला. कप्तान सगळ्यांच्या शेवटी उतरले.

अशी माणसं कितीतरी नौकांवरून नेलेली. सगळा देश खवळला. मग आपल्याच सरकारचा हुकूम आला: आपली कुठलीच नौका परदेशी जाणार नाही. आपला माल मिळाला नाही की इंग्लंड-फ्रान्स दोघंही ताळ्यावर येतील, असा हिशेब.

मी उभी राहिले. तळाला शेवाळ धरलं, उन्हानं फळ्या तडकल्या. रिकामे खलाशी माझ्याच डेकवर बसून भांडायचे.

"राष्ट्राध्यक्ष बरोबर करतायत. युद्धापेक्षा हे बरं."

"बरं? इंग्लंड राहिलं बाजूला, ताळ्यावर आलो आपण! पोरं दोन्ही वेळा मक्याची लापशी खातायत."

उन्हाळ्यात कप्तानांचा धीर सुटला. पोर्टलंडला, म्हणजे देशातल्याच बंदरात जातोय असं सांगून त्यांनी परवानगी काढली. खरं तर जायचं होतं इंग्लंडच्या ताब्यातल्या हॅलिफॅक्सला. राजाचं आरमार तिथं असायचं आणि त्याला मासा हवा होता. निघायच्या सकाळी टॅबिथा गाठोडं घेऊन वर चढली.

"दादा, माझा नवरा ज्यांनी नेला, त्यांनाच जेवू घालणार?"

"घरात काही उरलं नाही, टॅबी. तुझ्याही."

"ठाऊक आहे. म्हणूनच मी येतेय. वॉशिंग्टनची सरकारी माणसं पत्रं लिहीत बसलीयत. मी तोंडानं विचारते."

आमचं नशीब म्हणा, तीच युद्धनौका हॅलिफॅक्सला उभी होती. तोच अधिकारी मासा बघायला आला. कप्तान म्हणाले, "सगळा घ्या. फक्त माझा माणूस द्या."

तो हसला. "आम्ही माणसांचा सौदा करत नाही, कप्तान."

"खरंय," टॅबिथा म्हणाली, "तुम्ही फुकटच नेता."

तो तोंड फिरवून उतरून गेला. टॅबिथा माझ्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला जाऊन उभी राहिली आणि सगळा जीव गोळा करून ओरडली, "जेथ्रोऽऽ!" युद्धनौकेच्या उंच डोलकाठीवर शीड बांधणारा एक माणूस थबकला.

"टॅबी! पोरं जेवतात ना?"

"जेवतात!" ती धडधडीत खोटं ओरडली. खाली शिट्टी वाजली आणि तो शिडाआड गेला.

कप्तानांनी एकही मासा विकला नाही. आम्ही तसेच परत फिरलो. घर जवळ आलं तोच आपल्याच सरकारच्या गस्ती नौकेनं आम्हाला अडवलं.

"कायदा मोडलात."

"मोडला," कप्तान म्हणाले. "पण मासा मोजून घ्या, सगळा आहे."

"मग गेलात कशाला?"

"माझ्या नवऱ्याला भेटायला," टॅबिथा म्हणाली.

त्या अधिकाऱ्यानं टोपी काढली. पण मला जप्त केलंच.

या वसंतात ती बंदी उठली. इंग्लंड-फ्रान्स सोडून कुठंही जा म्हणाले. घंटा वाजल्या, शेजारच्या नौका शिडं फुगवून निघून गेल्या. माझा खटला बॉस्टनला पडून आहे. कप्तान आता दुसऱ्याच्या नौकेवर चाकरी करतात. टॅबिथा धक्क्यावर मासे वाळत घालते; मधूनच माझ्याकडे बघते.

न्यायाधीशसाहेब, मी गुन्हा केला, नाही म्हणत नाही. हवं तर मोडून माझं सरपण करा. पण आधी एक फेरी करू द्या. युद्धनौकेच्या त्या डोलकाठीवरून फार लांबचं दिसतं, आणि येणारं प्रत्येक शीड जेथ्रो निरखून बघत असणार.