राणीची पिवळी गोळी

मत्स्यालयाच्या मागे मासळीची खोली होती आणि त्या खोलीत आक्काचा शब्द चालायचा. बाहेर मालक असेल, मॅनेजर असेल, पण राणीच्या तोंडात काय जाणार ते आक्काच्या हातात होतं. राणी म्हणजे ऑर्का, देवमाशासारखा दात असलेला प्रचंड समुद्री जीव. काळी-पांढरी, दोन मोटारी एकामागे एक लावाव्यात एवढी लांब. आक्काने शाळा दुसरीत सोडली होती. पण बांगडा हातात घेतला की तो किती दिवसांचा ते ती सांगायची, आणि सांगता सांगता समोरच्याला अक्कल किती तेही सांगून टाकायची.

कामाची रीत तिनेच घालून दिलेली. औषधाची गोळी माशाच्या कल्ल्यात खुपसायची आणि त्या माशाच्या शेपटीला कात्री लावायची, म्हणजे तळ्यावरच्या माणसाला कळतं कोणता मासा आधी भरवायचा. पांढरी गोळी ताकदीची, तिला एक काप. पिवळी गोळी राणीला शांत ठेवायची, तिला दोन काप. तळ्यावरचा माणूस म्हणजे तिचाच थोरला मुलगा. त्याच्या शिट्टीवर राणी उड्या मारायची. घरात मात्र त्याच्या शिट्टीला कोणी विचारत नव्हतं.

पिवळी गोळी सहा वर्षांपूर्वी आली. राणीचं पहिलं पिल्लू तेव्हा दुसऱ्या मत्स्यालयाला दिलं होतं. क्रेनने उचलून नेलं. तीन आठवडे राणी दोन तळ्यांमधल्या फाटकाशी पडून ओरडत राहिली, लोखंड चावून चावून दात झिजवले. मग गोळी सुरू झाली आणि ती गप्प झाली. कागदावर त्या गोळीचं नावच नव्हतं. तिथे नुसती 'जीवनसत्त्वं' लिहिलेली. हे आक्काला ठाऊक होतं, कारण कागद तिला थोरला वाचून दाखवायचा.

आता दुसरं पिल्लू तीन वर्षांचं झालं होतं आणि त्यालाही मागणी आली होती.

मॅनेजरला सगळे इस्त्रीसाहेब म्हणत, कारण खाऱ्या वाऱ्यातसुद्धा त्याच्या शर्टाची घडी मोडत नसे. तो दुपारी नाकाला रुमाल लावून खोलीत आला.

"आक्का, उद्या सरकारी समिती येतेय. पिल्लू तासभर शेजारच्या तळ्यात ठेवतील आणि राणी शांत राहते का ते बघतील. राहिली तर न्यायची परवानगी मिळेल."

"आणि नाही राहिली तर?"

"राहील की. उद्या पिवळ्या दुप्पट घाला."

"तुम्ही घर सोडून नोकरीला निघालात, तेव्हा तुमच्या आईला किती घातल्या होत्या?"

इस्त्रीसाहेब हसला. आक्काचं बोलणं हसण्यावारी न्यायचं, हे तो पहिल्याच आठवड्यात शिकला होता. "अहो, राणीला बघूनच पोरं समुद्रावर माया करायला शिकतात. चित्रात बघणं वेगळं, डोळ्यांनी बघणं वेगळं."

"पोरांचं राहू द्या. माझी सून बघून आली आणि विचारते, सासूबाई, ती एकाच अंगाने गोल गोल का फिरते? वीस वर्षांत मला निरुत्तर केलं ते तेवढ्या एका प्रश्नाने."

सकाळी आक्काने पिवळ्या गोळ्यांची बाटली एप्रनच्या खिशात टाकली आणि बादल्या भरल्या. थोरला आला. सवयीने शेपट्यांवरून हात फिरवला, पुन्हा फिरवला.

"आई, दोन कापांचे कुठे आहेत?"

"नाहीत."

"विसरलीस?"

"मी काय काय विसरत नाही ते तुझ्या बायकोला विचार."

तो बादलीची कडी धरून उभा राहिला. "दोघांची नोकरी जाईल."

"जाईल. तूच ना सांगत होतास, समुद्रात राणीच्या जातीतला मुलगा म्हातारा झाला तरी आईची पाठ सोडत नाही म्हणून? तिचं एक पोर गेलं, तेव्हा ह्याच हातांनी मी तिचं तोंड बंद केलं. आता नाही करणार. तुला साहेबाला सांगायचं तर जा, सांग. मी काही आडवी येत नाही."

थोरल्याने दोन्ही बादल्या उचलल्या आणि तळ्याकडे निघाला. वाटेत साहेबाची खोली लागली, तिथे तो थांबला नाही. आक्का मागून बघत होती. पोराने आपलं नाक घेतलंय हे तिला माहीत होतं, कणाही घेतलाय हे त्या दिवशी कळलं.

समितीत तिघे होते. त्यांतल्या चष्मेवाल्या बाई प्राण्यांच्या डॉक्टर. पिल्लू पलीकडे गेलं, फाटक बंद झालं. राणीने दोन फेऱ्या मारल्या. मग फाटकाला तोंड लावून ती जे ओरडली, ते काठावरच्या माणसांच्या छातीत उतरलं. पलीकडून बारीक आवाजात उत्तर आलं. राणी मागे सरली आणि अख्खं अंग घेऊन फाटकावर आदळली. पाणी काठावर आलं, समितीचे कागद भिजले, इस्त्रीसाहेबाचा शर्ट अंगाला चिकटला.

तो मागे उभ्या आक्काकडे गर्रकन वळला. "आक्का, पिवळ्या घातल्याच नाहीत तुम्ही?"

चष्मेवाल्या बाईंनी मान वर केली. "कसल्या पिवळ्या?"

"ते... जीवनसत्त्वं."

"ती पांढरी असतात," आक्का म्हणाली. तिने खिशातली बाटली बाईंच्या हातावर ठेवली. "मला धड वाचता येत नाही, तुम्हीच वाचा."

बाईंनी वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "हे तर गुंगीचं औषध आहे. किती दिवस देताय?"

"सहा वर्षं, रोज. मीच घालत होते. मला काय शिक्षा करायची ती करा, पण आधी ते फाटक उघडा."

"मी सांगितल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही," इस्त्रीसाहेब म्हणाला.

थोरल्याने लावला. फाटक अर्धं वर गेलं नाही तोच पिल्लू खालून सटकलं आणि आईच्या पोटाशी घुसलं. राणी गप्प झाली. गोळी न घेता.

परवानगी नाकारली गेली. खोट्या कागदांपायी मत्स्यालयाचा परवानाही गेला. झिजल्या दातांनी राणीला खुल्या समुद्रात शिकार जमणार नाही, म्हणून डॉक्टरबाईंनी तोंडाशी जाळं बांधलेली एक खाडी शोधली. तिथे मासे भरवायला माणसं हवी होती, तर बाईंनी मायलेकांनाच बोलावलं.

न्यायच्या दिवशी क्रेन आली एकच. आक्का तिच्या चाकापुढे उभी राहिली.

"एक एक करून नेऊ की," क्रेनवाला म्हणाला.

"एक एक करून न्यायला ही काय खुर्च्या-टेबलं आहेत? जा, दुसरी आण."

चार तास लागले. दुसरी क्रेन आली. आई आणि पोर दोन झोळ्यांत शेजारी शेजारी वर गेली.

खाडीत झोळ्या सुटल्या. राणी पिल्लाला घेऊन तळाकडे निघाली आणि दिसेनाशी झाली. तिला जिथून तिथून बघता यावं म्हणून मत्स्यालयातलं तळं बांधलं होतं. इथे पाण्यावर नुसता वारा होता. एक मिनिट गेलं, पाच गेली. काठावरची माणसं माना ताणून बघत होती.

"कुठे गेली?" क्रेनवाल्याने विचारलं.

"तिच्या मनाला येईल तिकडे," आक्का म्हणाली आणि काठावर मांडी घालून बसली, सगळी खाडी तिनेच खणल्यासारखी.