वनक्षेत्रात नोकरी

गोंदियातल्या आमच्या संस्थेत माहिती आणि नोंदी व्यवस्थापनाचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालायचा. शिकवायची मी, आणि पास झालेल्यांचा तक्ता वर पाठवायची तीही मीच. मुली किती, आदिवासी किती, नोकरीला लागलेले किती. २०११च्या तक्त्यात संध्या उईके तिन्ही रकान्यांत होती. त्यातले दोनच खरे होते.

तक्ता भरायचा मे महिन्यात. कुठल्या शहाण्याने हा महिना ठरवला, देव जाणे. मेमध्ये सालेकसा भागातली घरंच्या घरं पहाटेपासून जंगलात विड्यांसाठीचा तेंदूपत्ता तोडत असतात. मी फोन केले, तर बत्तीसपैकी एकोणीस जणांनी तेच सांगितलं. मी तसंच लिहिलं आणि कागद संचालक तिलक सरांपुढे ठेवला. त्यांनी ते खोडून एकोणीस वेळा ‘वनक्षेत्रात नोकरी’ लिहिलं.

“जंगल किसका है, मॅडम? सरकार का. तो नौकरी किसकी हुई?” म्हणाले आणि स्वतःच हसले.

पुढच्या तुकडीची मंजुरी नोकरीच्या टक्क्यावर अवलंबून होती. मी मुकाट्याने टाईप केलं, सही केली. त्याचा राग अजून जात नाही, आणि सरांपेक्षा स्वतःचाच जास्त येतो.

जुलैत पंचायत समितीत नोंदी सांभाळायला एक जागा निघाली, आमच्याकडे शिकलेल्या बेरोजगार आदिवासी उमेदवारासाठी. संध्या तुकडीत पहिली आलेली. तरी तिचा अर्ज परत आला: संस्थेच्या तक्त्यानुसार आधीच नोकरीत, म्हणून अपात्र. हरकत घ्यायच्या शेवटच्या दिवशी ती धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, सोडून सकाळच्या गाडीने आली. पायांवरचा चिखल वाळलेला होता.

मी तिला सरांकडे नेलं. एक नाव बदललं तर सगळा तक्ता संशयात येईल, असं ते म्हणाले. पुढच्या वर्षी बघू बेटा, म्हणत त्यांनी चहा मागवला. तिने कपाला हात लावला नाही. सरांकडे बघितलंही नाही, माझ्याकडे बघितलं.

“मॅडम, फोन तं तुमीच केल्ता. मी खरंच सांगतलं. मंग तुमी खोटं कायले लिवलं?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती कोणावर काढणार? तिचं काहीच चुकलं नव्हतं.

दोघी तशाच पंचायत समितीत गेलो. तिथले बाबू जागेश्वर म्हणाले, ज्याने माहिती भरली त्याने ती खोटी असल्याचं लिहून द्यावं. मग हळूच सल्ला दिला की फक्त हिच्यापुरतं लिहा, बाकीचं उकरलं तर तुमची नोकरी जाईल. मी एकोणीसही नावं लिहिली. गावं मला आठवेनात, ती संध्याने एकेक करून सांगितली. शेवटी मी स्वतःचं नाव लिहिलं, योगेश्वरी बिसेन, आणि सही केली.

जागेश्वरांनी कागद वाचला, घडी केली, ड्रॉवरमध्ये टाकला आणि उद्या बघतो म्हणाले. मी उठलेच होते. संध्या बसून राहिली.

“आवक नंबर टाका, साहेब,” ती म्हणाली. “त्याच्याबिगर हा कागद आलाच नाही.”

ते माझ्याकडे बघायला लागले. मी पुन्हा खाली बसले. शेवटी त्यांनी रजिस्टर उघडलं, तारीख घातली, नंबर टाकला. पोच हातात पडेपर्यंत ती खुर्चीवरून हलली नाही.