मी थांबलो आणि दलदल परतली

मी एक जुना डिझेल पंप आहे, मित्रांनो. माझा हिरवा रंग आता फक्त नटांच्या खाचांत उरला आहे. शेताच्या खालच्या अंगाला, पत्र्याच्या शेडखाली मी बसलेला असतो. बसल्या जागेवरून जे दिसले, तेच सांगतो.

मला आणले आबांनी. त्यांच्या जमिनीचा खालचा तुकडा म्हणजे नुसती दलदल होती. गुडघाभर पाणी, लव्हाळे आणि बेडूक. मिस्त्रीने मला सिमेंटच्या चौथऱ्यावर आवळून बसवले, एक पाइप चरात सोडला, दुसरा ओढ्याकडे वळवला आणि मी धडधडू लागलो. पाणी आटले, काळीभोर माती उघडी पडली. पहिल्याच हंगामात कोबीचे पीक असे आले, की आबा पाहुण्यांना आधी मला दाखवत, मग कोबी. "हा माझा तिसरा लेक," असे ते म्हणत. ताई आणि भाऊ ही त्यांची खरी मुले. भाऊला ते फारसे रुचत नसे.

मला मात्र एक प्रश्न पडे. पाणी तर मी ओढ्यात सोडले, पण बेडूक कुठे गेले? विचारणार कोणाला?

वर्षे सरली. माती भुसभुशीत होऊन वाऱ्यावर उडू लागली, जमीन खचत गेली आणि माझा चौथरा उगाचच उंच दिसू लागला. खोलगट भागात पावसाचे पाणी साचून पीक कुजे, म्हणून मला अधिकच राबावे लागे. उन्हाळ्यात तिथेच भेगा पडत, वर पांढरा खारट थर येई. घराजवळच्या विहिरीनेही तळ गाठला. तोवर आबा राहिले नव्हते.

मग ताईने पंप बंद ठेवायचे काढले.

"आबांनी जन्मभर पाणी काढलं," भाऊ म्हणाला, "आणि तू ते परत आणणार?"

"आणायचं नाहीच. आपण काढायचं थांबलो, की ते येईल."

एक वर्ष बघू, यावर दोघांचे ठरले. त्यांनी चर दगडमातीने बुजवला. पाणी साचले खरे, पण हिरवट, घाण वासाचे. डास एवढे झाले, की डासांची शेती कशी चालली आहे, असे शेजारी विचारू लागले. त्या वर्षी खालच्या तुकड्यातून भाजीची एक जुडीही निघाली नाही. घरात ओढाताण सुरू झाली. शेवटी एका सकाळी भाऊ डिझेलचा डबा घेऊन आला. त्याने टाकी भरली, हँडल बसवले. खरे सांगू? धडधडायला मीही आतुर झालो होतो.

ताई मागोमाग आली, पण तिने त्याला अडवले नाही. एवढ्यात पाण्यातून आवाज आला. एकच बेडूक होता तो. भाऊचा हात थबकला.

"हा कुठून आला?"

"मला नाही माहीत," ताई म्हणाली. "पंप लावलास तर कधीच कळणार नाही."

भाऊने हँडल काढले आणि तो आल्या वाटेने निघून गेला.

पुढच्या वर्षी काठाने लव्हाळे उगवले. ताईनेच गुपचूप लावले असणार, असा भाऊला संशय. ताई शपथ घ्यायला तयार. अखेर भाऊने चिखलाचा एक गोळा उचलून बोटांनी फोडला. आत खसखशीएवढे बी होते. इतकी वर्षे नांगराखाली ते निजून राहिले होते. मग गोगलगायी आल्या, चतुर आले, लांब पायांचे पक्षी आले. पाणी नितळ झाले, डास हटले आणि विहीरही हळूहळू वर चढली. तिच्या पाण्यावर वरच्या शेतात आता भाजी होते. पूर्वीइतकी नाही, आणि भाऊ ते रोज बोलून दाखवतो. पण रोज सकाळी स्टूल घेऊन काठाशी येऊन बसतो तोही तोच.

माझ्या पाइपात सध्या कोणीतरी घरटे केले आहे. आत काय हालचाल चालते, ते मला दिसत नाही. नुसत्या गुदगुल्या होतात.

मित्रांनो, तुम्ही जरूर या, हवा तेवढा वेळ बघत बसा. फक्त काठीने चिखल ढवळू नका. त्यात अजून कोण कोण निजले आहे, ते मलाही ठाऊक नाही.