गोलामागचा आवाज

विष्णुपंतांनी लवंग दाढेखाली सरकवली, मफलर गळ्याभोवती आवळला आणि ते गोलामागच्या खंदकात उतरले. सप्टेंबरात लढाई पेटली तेव्हा इस्टेटीच्या, म्हणजे कारखान्याच्या वसाहतीच्या, मैदानाभोवती हे खंदक खणले होते. लढाई थांबून दोन महिने झाले, तरी ते बुजवायचा हुकूम कुणी काढला नव्हता. क्वार्टरांतल्या शेगड्यांची राख पडून पडून ते आता गुडघाभरच उरले होते.

तुळशीराम आधीच तिथे उभा होता. कारखान्यात टर्नर होता तो. ओव्हरटाइम संपवून अंघोळीशिवाय सरळ मैदानावर आलेला.

“आली नागपूरची टीम,” तो म्हणाला. “आणि तो पण आला. नवा कोट घालून.”

“तो काय? भय्यासाहेब म्हण.”

“तुम्ही म्हणा जी. मी काहून म्हणू?”

विष्णुपंतांनी मान वर करून पाहिलं. पलीकडच्या टोकाला खुर्च्यांजवळ भय्यासाहेब उभे होते. कोट खरंच नवा होता, पण हात पाठीमागे बांधून उभं राहायची तऱ्हा जुनीच. अकरा वर्षं ते याच मैदानावर तसे उभे राहिले. टर्नर, हमाल आणि कारकून गोळा करून त्यांनी इस्टेट क्लबची टीम उभी केली आणि तिला शील्डच्या फायनलपर्यंत दोनदा नेलं. मग जुलैत नागपूरच्या सातपुडा स्पोर्टिंगचं पत्र आलं. त्यात नोकरी होती, धरमपेठेत घर होतं आणि हाताखाली दोन माणसं होती. आठ दिवसांत भय्यासाहेबांनी सामान बांधलं. स्टेशनवर अर्धी इस्टेट लोटली होती. तुळशीराम गेला नाही.

त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. टीम शील्डच्या सेमीफायनलला नशिबानंच पोचली; बाकीच्या पाच मॅचपैकी दोन हरली, तीन कशाबशा बरोबरीत सुटल्या. तरी विष्णुपंत सांगत राहिले, “माणूस गेला, मन इथंच आहे. सीझन संपला की येतील. भरवसा ठेवा.” कँटीनमध्ये सांगितलं, रेशनच्या रांगेत सांगितलं. त्यांची आशा कँटीनच्या चहाबरोबर फुकट मिळते, अशी पोरं चेष्टा करू लागली होती. विष्णुपंतांना ती लागायची. पण आशा सोडणं त्यांना परवडणारं नव्हतं. भय्यासाहेब जे घेऊन गेले होते, ते टीमपेक्षा मोठं होतं.

गोलात उभा असलेला शशिकांत विष्णुपंतांचा जावई. मागल्या वर्षीच्या पावसाळ्यात पेनल्टी अडवताना पाण्यानं जड झालेला बॉल त्याच्या तोंडावर बसला. बॉलच्या वादीची गाठ नेमकी डाव्या डोळ्यात गेली. भय्यासाहेबांनी त्याला कारखान्याच्या दवाखान्यात नेलंच नाही. रिक्षात घालून गावातल्या डॉक्टरकडे नेलं. डोळा बाहेरून होता तसा दिसू लागला, पण त्यातली नजर काही परत आली नाही. शशिकांत तपासणीच्या टेबलावर होता. माल मापाच्या गेजला लावून पाहायचा आणि पास किंवा नापास करायचा, हे त्याचं काम. एका डोळ्याचा माणूस तिथे चालत नाही. कळलं असतं तर टेबल गेलं असतं, मग क्वार्टर, आणि आता तर त्यांच्या लेकीला, अनसूयेला, सातवा महिना होता.

गावातला तो डॉक्टर सोडला तर हे पाच जणांनाच ठाऊक होतं: शशिकांत, विष्णुपंत, अनसूया, तुळशीराम आणि भय्यासाहेब. कारखान्याच्या दवाखान्यातले जुने डॉक्टर तपासणीत भिंतीवरचा तक्ता वाचून घेत आणि सही करत. तो तक्ता शशिकांतला पाठ होता. लढाईत ते डॉक्टर फौजेत गेले आणि त्यांच्या जागी नवे आले.

गोलातली अडचण भय्यासाहेबांनीच सोडवली होती. विष्णुपंतांचा आवाज मोठा. घाटावर आरतीला उभे राहिले तर पलीकडच्या काठाला ऐकू जावा असा. त्यांनी गोलामागे उभं राहायचं. बॉल डावीकडून येऊ लागला की “नर्मदे” म्हणून सूर धरायचा, आणि लाथ बसली की “हर!” जबलपुरात या आरोळीकडे कोण वळून पाहतो? लोकांना वाटायचं, सासरा भाविक आहे. सव्वा वर्ष शशिकांत त्या आवाजावर डावीकडे झेप घेत होता.

सेमीफायनलची शिट्टी झाली.

दहाव्या मिनिटाला सातपुड्याचा राइट-आउट बॉल घेऊन शशिकांतच्या डावीकडून आला. हडकुळा पोरगा, पायात वारं. विष्णुपंतांनी सूर धरला. “हर!” झालं आणि शशिकांतनं बॉल मुठीनं बाहेर ठोसला. चार मिनिटांनी तोच पोरगा त्याच बाजूनं पुन्हा आला. मग पुन्हा.

“पाहून राहिले ना?” तुळशीराम म्हणाला. “उजवीकडून एक तरी आला काय? सांगितलं त्यानं. कोटाची किंमत फेडून राहिला.”

“उगाच काहीतरी बोलू नको.”

“पाच वेळा झालं, पंत. पाच वेळा डावीकडूनच.”

विष्णुपंत मोजत नव्हते, पण पाच हा आकडा त्यांच्या डोक्यात जाऊन बसला. चार महिने आपण लोकांना भरवसा वाटत फिरलो, आणि तो माणूस आपल्या जावयाचा मेलेला डोळा नागपूरच्या पोराच्या हातात देऊन मोकळा झाला. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. मग राग आला, आणि तो लाजेपेक्षा सोयीचा होता. हाफ टाइमच्या आधी इस्टेटच्या सेंटर फॉरवर्डनं कुठूनसा एक गोल मारला, सगळं मैदान नाचलं. विष्णुपंत जागचे हलले नाहीत.

हाफ टाइमला बाजू बदलल्या. दोघं खंदकातून निघून पलीकडच्या गोलाकडे चालू लागले. एरवी खुर्च्या मैदानाच्या मधोमध असायच्या, पण तिथे खंदक असल्यामुळे यंदा त्या ह्याच गोलाच्या कोपऱ्यावर मांडल्या होत्या. साहेब लोक तिथे बसले होते. भय्यासाहेब त्यांच्यातून उठून झपाट्यानं पुढे आले आणि त्यांनी विष्णुपंतांचा हात धरला. सातपुड्याचे सेक्रेटरी त्यांच्या मागोमाग होते.

“पंत, बरे आहात? अनसूया बरी आहे?”

“आहे.”

भय्यासाहेबांनी आवाज उतरवला. “एक ऐका. आता या बाजूला ओरडू नका.”

विष्णुपंतांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

“काय म्हणालात?”

“या हाफमध्ये नको. गोल झाला तर होऊ द्या. नंतर सांगतो सगळं.” त्यांनी खुर्च्यांकडे पाहिलं आणि हात दाबला. “माझ्यावर एवढा भरवसा ठेवा.”

चार महिने विष्णुपंत जो शब्द गावभर वाटत होते, तोच आता त्यांच्यासमोर आला होता. त्यांनी हात सोडवून घेतला.

“अच्छा! गोल होऊ द्या? टीम नेली, आता आमचा घसा पण नागपूरला नेता काय?”

“पंत...”

“तुमच्या पोरांना म्हणावं, हिंमत असेल तर मारा. आम्ही इथंच उभे आहोत.”

भय्यासाहेब अजून काही बोलणार होते, पण सेक्रेटरींनी त्यांना खांद्याला धरून मागे वळवलं. तुळशीराम हसला. कित्येक महिन्यांत विष्णुपंतांनी पहिल्यांदाच त्याच्या मनासारखं बोलून दाखवलं होतं.

दुसऱ्या हाफमध्ये विष्णुपंत जसे ओरडले तसे जन्मात ओरडले नव्हते. एक लवंग संपली, दुसरी तोंडात टाकली. राइट-आउट येत होता, सूर लागत होता, “हर!” होत होतं आणि शशिकांत उडत होता. एकदा त्यानं बॉल बोटांच्या टोकांनी खांबाबाहेर ढकलला. मागची गर्दी पण आरोळीत सामील झाली. खुर्च्यांवरचे काही साहेब बॉल सोडून यांच्याकडेच पाहत होते, आणि ते पाहून विष्णुपंतांना अधिकच चेव आला. पाहा म्हणावं. इस्टेट अजून मेली नाही.

शेवटची शिट्टी झाली तेव्हा गोल एकच होता, इस्टेटचा. पोरांनी शशिकांतला खांद्यावर घेतलं. तुळशीराम, चाळिशीचा माणूस, राखेत बसून रडत होता.

“फायनल, पंत! त्याच्याशिवाय फायनल!”

नागपूरकरांनी येताना संत्र्यांची पेटी आणली होती. हार झाली तरी ती फोडली आणि दोन्ही टीमना संत्री वाटली. शशिकांत खुर्च्यांजवळ उभा राहून कॅप्टनशी बोलत होता, मातीनं माखलेला, दात दाखवत. विष्णुपंत गर्दीतून त्याच्याकडे निघाले आणि तीन हातांवर थबकले.

शशिकांतच्या डाव्या अंगाला एक पोरसवदा गृहस्थ उभे होते. गळ्यात टाय, हातात संत्रं. ते त्यांनी शशिकांतसमोर धरलं होतं. शशिकांत बोलत राहिला. त्यांनी संत्रं थोडं वर नेलं, मग थोडं जवळ. शशिकांत कॅप्टनच्या कुठल्याशा बोलण्यावर हसला. गृहस्थ काही न बोलता त्याच्या उजव्या बाजूला आले आणि तसंच संत्रं पुढे केलं.

“अरे, थँक्यू साहब!” शशिकांतनं लगेच घेतलं.

“बहुत अच्छा खेले,” ते म्हणाले. आवाज मऊ होता. “मंगल को ज़रा अस्पताल आ जाइए. दस बजे. चिट्ठी भेज दूँगा.”

“जी साहब,” शशिकांत म्हणाला आणि संत्रं सोलू लागला. जिंकलेल्या माणसाला अशा वेळी काहीही सांगितलं तरी आनंदाचंच वाटतं.

विष्णुपंतांच्या शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं. नव्या कोटाचा वास आला.

“नवे डॉक्टर,” भय्यासाहेब म्हणाले. “पहिला हाफभर माझ्याच शेजारी बसले होते. या गावात नवीन आहेत. विचारत होते, हे लोक देवाचं नाव डावीकडून बॉल आला तरच का घेतात. मी म्हटलं, योगायोग. तेव्हा आवाज लांबून येत होता. दुसऱ्या हाफला तुम्ही त्यांच्या कानाशी येऊन उभे राहिलात.”

विष्णुपंत संत्र्याच्या सालीकडे पाहत होते.

“तुमचा तो पोरगा,” ते कसंबसं म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. “सारखा डावीकडूनच...”

“राइट-आउट आहे तो, पंत. त्याची उजवी म्हणजे शशिकांतची डावी. दुसरीकडून कुठून येईल?”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर विष्णुपंतांना काहीतरी म्हणता आलं असतं. सेक्रेटरींची हाक आली आणि भय्यासाहेब बसकडे गेले. या वेळी हात धरला नाही.

मैदानापासून क्वार्टर दोनशे पावलांवर होतं. वाटेत शशिकांतला चार ठिकाणी लोकांनी थांबवलं, म्हणून विष्णुपंत आधी पोचले. अनसूया कमरेला हात देऊन दारात उभी होती. पोरांनी बातमी केव्हाच आणली होती. आत शिरा झाला होता, तुपाचा वास बाहेरपर्यंत येत होता.

“बाबा, जिंकलो ना!” ती म्हणाली. “मला घरबसल्या सगळं समजत होतं. तुमचा ‘हर’ आला की इथंच हात जोडत होते. दुसऱ्या हाफला तर हात खाली घ्यायला फुरसत नाही दिली तुम्ही.”

विष्णुपंत पायरीवर बसले. मफलर सोडला.

“अनू,” ते म्हणाले, “मंगळवारी...”

पुढचे शब्द ओठांवर आले, पण आवाज निघाला नाही. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. नुसतं खरखरलं.

“काय म्हणता? काही ऐकू नाही येऊन राहिलं.” ती वाकली, त्यांच्या तोंडाकडे पाहून हसली आणि चुलीकडे वळली. “राहू द्या, बोलू नका. गरम पाण्यात मीठ घालून आणते, गुळण्या करा. फायनलला लागेल ना तुमचा आवाज.”