रुपाच्या लॅपटॉपमधल्या फायली

"टीवीले जोडला का गेम मस्त पळते," सूरज मडावी म्हणाला, "पण याच्या सोताच्या स्क्रीनवर अडकत अडकत चालते. घोडा एक पाय टाकते, थांबते, मंग दुसरा टाकते."

सेलूच्या बाजारओळीत वर्षालीचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान होतं. दुपारची वेळ होती, दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. तिनं लॅपटॉप उलटा करून पंख्याची जाळी पाहिली आणि सहज म्हणाली, "मंग टीवीवरच खेळा न दादा."

सूरजनं मान हलवली. "टीवी समोरच्या खोलीत आहे. माय तिथंच बसते. तिले या गेमचा आवाज सहन होत नाई."

मग त्यानं सांगितलं. लॅपटॉप त्याच्या धाकट्या बहिणीचा, रुपाचा. रुपा नागपूरला अॅनिमेशन शिकत होती. सुट्ट्यांत हिंगणीला घरी आली की दिवसभर हा गेम खेळायची. गेल्या सप्टेंबरात ताप घेऊन आली आणि आठव्या दिवशी गेली. सूरज बोरच्या जंगलात पर्यटकांची जिप्सी चालवतो. त्यानं आयुष्यात कधी गेम खेळला नव्हता. दिवाळीत लॅपटॉप उघडला, तर बर्फाच्या डोंगरात एक बाई घोड्यावर बसून थांबलेली.

"तिनं जिथं सोडला, तिथून पुढं खेळून राह्यलो," तो म्हणाला.

वर्षालीनं स्क्रू काढून लॅपटॉप खोलला. तिनं पंख्यातली धूळ काढली, चार्जर बदलून पाहिला, ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवीन टाकला. फरक शून्य. मग तिनं दुकानातला मॉनिटर जोडून लॅपटॉपचा पडदा बंद केला. घोडा भरधाव पळू लागला. मॉनिटर काढला, पुन्हा तेच, एक पाय, थांबला, दुसरा पाय.

"ग्राफिक्सचं कार्ड चांगलं आहे," ती म्हणाली. "हा पडदा चालू झाला का काहीतरी दुसरं जागं होऊन राह्यलं."

तिनं चालू प्रोग्रामची यादी उघडली आणि तिला ते सापडलं. पडद्यावर जे दिसेल ते चित्रित करणारा एक रेकॉर्डर. लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यावर गेम सुरू झाला की तो आपोआप सुरू व्हायचा आणि सगळी ताकद खाऊन टाकायचा. टीव्ही लावला की हा पडदा बंद, म्हणून रेकॉर्डरही बंद.

"हा तुमी लावला का?"

"मले त्यातलं काही समजत नाई जी."

मग रुपानंच लावला असणार. वर्षालीनं तो फायली कुठं ठेवतो ते शोधलं. फोल्डर उघडला, तर फायलींची यादी खाली खाली जातच राहिली. डिस्क जवळजवळ भरली होती, म्हणूनच रेकॉर्डर आता गेमला अडकवत होता; रुपाच्या वेळी जागा असणार. सर्वांत नवी फाइल कालची होती. तिनं ती लावली.

बर्फ. थांबलेला घोडा. आणि माइकमधून एका पुरुषाचा हळू आवाज, "रुपे, आता कुकडे जाऊ?"

सूरजचा चेहरा उतरला. "हे आवाजबी घेते?"

"घेते." वर्षालीनं पटकन फाइल बंद केली. "दादा, जुन्या फायली मी उघडत नाई. तुमी घरी पाहा."

"नाई. इथंच लावा. घरी माह्याच्यानं नाई होणार."

तिनं मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यातली एक फाइल लावली. तोच डोंगर, पण घोडा सफाईनं वळत होता. खेळणारी गुणगुणत होती. मागे कुठंतरी कोंबड्या ओरडत होत्या. आणि मग अगदी जवळून, जणू काउंटरच्या अलीकडून कुणी बोलावं तसा रुपाचा आवाज आला. "दादा! ये न एकदा. पाह्य न, कसा बर्फ पडून राह्यला."

लांबून उत्तर आलं, "गाडी धुऊन राह्यलो. मंग पाहीन."

सूरजनं आपलाच आवाज ओळखला. त्यानं काउंटरची कड धरली. "आणखी एक," तो म्हणाला.

दुसरीत नुसतंच गुणगुणणं होतं. तिसरीत तिनं पुन्हा हाक मारली होती, पाचवीतही. प्रत्येक वेळी तोच लांबचा पुरुषी आवाज. जेवून येतो. फोन चालू आहे. मंग पाहीन.

"खोली लागूनच होती ताई," सूरज म्हणाला. "मी एकदाबी गेलो नाई."

वर्षालीनं सगळ्या फायली एका वेगळ्या डिस्कवर उतरवल्या, रेकॉर्डर बंद केला आणि गेम लावून दाखवला. लॅपटॉपच्या पडद्यावर घोडा आता न अडखळता पळत होता. सूरजनं जेमतेम पाहिलं आणि लॅपटॉप मिटला.

त्यानंतर कितीतरी दिवस दुकानात एकटी असताना वर्षालीला ती हाक ऐकू यायची. एकदा ती खरोखरच उठून मागच्या खोलीत डोकावली. तिथं खोक्यांशिवाय काही नव्हतं.

बारा दिवसांनी सूरजचा फोन आला. "ताई, ते रेकॉर्डिंग पुन्हा चालू करून द्यान का?"

"काऊन? गेम पुन्हा अडकन दादा."

"अडकू द्या."

ती रविवारी स्कूटीनं हिंगणीला गेली. समोरच्या खोलीत, टीव्हीकडे पाठ करून, सूरजची आई रामबाई खुर्चीवर बसली होती. पुढ्यात स्टुलावर लॅपटॉप होता. सूरजनं तिला त्या फायली ऐकवल्या होत्या. पहिल्या दिवशी ती उठून बाहेर निघून गेली. दुसऱ्या दिवशी तिनंच लावायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी ती वेगळंच काहीतरी विचारू लागली.

तेच तिनं आता वर्षालीला विचारलं. "पोरी, तिचा आवाज यातून इकडे आला न? मंग माहा आवाज इकडून तिकडे जाईन का?"

वर्षालीला खरं उत्तर ठाऊक होतं. आवाज जाऊन जाऊन डिस्कवर जाणार होता. तिनं सूरजकडे पाहिलं, तो जमिनीकडे बघत होता.

"तुमचा आवाज यात राहीन माय," ती एवढंच म्हणाली आणि तिनं रेकॉर्डर सुरू केला.

पडद्यावर घोडा उभा होता. कुणी बटण दाबत नव्हतं, त्यामुळे तो उभाच राहिला. बर्फ अडकत अडकत खाली येत होता. रामबाईनं खुर्ची पुढं ओढली, पदर नीट केला आणि गोंडीत बोलायला लागली. वर्षालीला त्यातलं अक्षरही समजत नव्हतं. मधूनमधून रुपाचं नाव तेवढं कळायचं. सूरजला सगळं समजत होतं. तो भिंतीकडे तोंड करून खाली बसला.

रामबाई मात्र शांत होती. एक वाक्य बोलायची आणि थांबायची, समोरच्यानं उत्तर द्यायला लागेल तेवढा वेळ. मग मान डोलावून पुढचं बोलायची.